बाळंतिणीचे दुखणे आणि घरचा विसावा

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. पण या दुसऱ्या जन्माची हकीकत आपण बाळ रडले, नाळ कापली, पेढे वाटले, इथवर आणून संपवतो. पाचवी पुजली जाते, बाराव्या दिवशी बारसे होते, आणि घरातल्या साऱ्यांचे डोळे पाळण्याकडे लागतात. पाळण्याशेजारी बाजेवर जी पडलेली असते तिची विचारपूस होते, नाही असे नाही; पण ती बहुधा एवढीच, "दूध पुरतं ना गं बाळाला?" तिला स्वतःला कुठे दुखते, बसता येते की नाही, रात्री डोळा लागतो की नाही, हे विचारणारे थोडे. आणि विचारलेच तर "बरं आहे" यापलीकडे उत्तर येत नाही. कारण बाळंतपणातले दुखणे सोसायचेच असते, ते बोलून दाखवायचे नसते, असे तिला लहानपणापासून शिकवलेले असते.

मला आज याच दुखण्याविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी राहून मुलांना शिकवणारा माणूस आहे. परंतु शास्त्राने या बाबतीत जे शोधले आहे त्यातले पुष्कळसे साधे आहे, घरच्या घरी करण्यासारखे आहे. आणि आपल्या आज्या-पणज्या जे करीत आल्या त्यातलेही काही शास्त्राच्या कसोटीला उतरते, काही मुळीच उतरत नाही. ही निवड कशी करावी, एवढेच सांगायचे आहे.

पूर्वी बाळंतपण घरी व्हायचे आणि सुईण सव्वा महिना घरी यायची. आता बहुतेक बाळंतपणे प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा खाजगी दवाखान्यात होतात, आणि ते फार चांगले झाले. पण दवाखान्यातला मुक्काम दोन-तीन दिवसांचा. पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर आठवडाभराचा. तेथून गाडी घराकडे वळली की पुढचे सहा आठवडे बाळंतीण आणि तिचे दुखणे हे घरच्यांच्या हाती. या दिवसांत किती जणींना त्रास होतो? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ खेड्यांतल्या ७७२ बायांची बाळंतपणे घरोघर जाऊन पाहिली. बाळंतपणानंतरच्या दिवसांत शंभरांतल्या सुमारे ४३ जणींना काही ना काही आजार झाला होता. एकट्या छातीच्या तक्रारी शंभरांत १८ जणींना होत्या. घरोघर जाऊन विचारले म्हणून हे कळले. एरवी हे आकडे 'बरं आहे' या उत्तराखाली झाकलेलेच राहिले असते.

आता एकेक दुखणे घेऊ. पहिले पोटातल्या कळांचे. बाळ जन्मले, वार पडली, तरी दोन-तीन दिवस पोटात कळा येत राहतात. मूल अंगावर घेतले की त्या वाढतात, आणि पहिलटकरणीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईला जास्त येतात. घाबरून काही जणी पाजायचेच टाळतात. वास्तविक ही कळ म्हणजे गर्भाशय मिटत असल्याची खूण आहे. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. सहा आठवड्यांत ते साठ-सत्तर ग्रॅमवर येते. बाळ दूध ओढू लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात उतरतो. तोच दूध पुढे ढकलतो आणि तोच गर्भाशय आवळतो. १९०६ मध्ये हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने या रसाचा गर्भाशयावरचा गुण दाखवला. पुढे १९५३ मध्ये द्यू विन्यो यांनी तो प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. म्हणजे बाळ पाजताना येणारी कळ ही वाईट नव्हे. गर्भाशय आवळला जातो म्हणूनच रक्त जाणेही आवरते.

पण कळ कामाची आहे म्हणून ती मुकाट्याने सोसावी असे मात्र नाही. पाजण्याआधी लघवीला जाऊन यावे. भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला वर ढकलते, त्याला नीट मिटू देत नाही, आणि कळा वाढतात. नैसर्गिक बाळंतपण असेल तर बेंबीखाली मऊ उशी घेऊन थोडा वेळ पालथे पडावे. पहिल्या मिनिटाला जड जाते, मग बरे वाटते. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ओटीपोटावर ठेवावी. कळ येईल तेव्हा श्वास रोखू नये. नाकाने सावकाश घ्यावा, तोंडाने सावकाश सोडावा.

दुसरे दुखणे टाक्यांचे. खालच्या बाजूला टाके पडले की बाईला बसवत नाही आणि सांगवतही नाही. या जागेला पहिले एक-दोन दिवस गारवा हवा. आपल्याकडे बाळंतिणीला गार म्हटले की सासूबाई दचकतात. पण हा गारवा पोटात घ्यायचा नाही, फक्त सुजलेल्या जागेला द्यायचा आहे. मुका मार लागला की आपण गार पाण्याची पट्टी ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली बाळंतपणानंतरच्या काळजीविषयी शिफारसी प्रसिद्ध केल्या, त्यांतही हा उपाय सांगितला आहे. बर्फ मिळाला तर तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून दहा ते वीस मिनिटे ठेवावा. उघडा बर्फ कातडीला लावू नये. बर्फ नसेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडके भिजवून, पिळून ठेवावे. दोन दिवसांनंतर उबेचा फायदा होतो. स्वच्छ घासलेल्या टबात किंवा पसरट घमेल्यात सोसेल इतके कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे. लघवी करताना तांब्याने कोमट पाणी सोडत राहिले की आग होत नाही. पुसताना पुढून मागे, आणि टिपून पुसावे, घासून नव्हे. झोपताना कुशीवर झोपावे. टाक्यांवर राख, हळद, तेल, धुरी यांतले काहीही लावू नये. जखमेला स्वच्छता आणि कोरडेपणा याहून दुसरे काही लागत नाही.

शौचाला कुंथावे लागेल या भीतीने काही जणी पोटभर जेवतच नाहीत. त्यावर उपाय खाण्यातच आहे, आणि तो पुढे सांगतो. शौचाच्या वेळी स्वच्छ घडीचे फडके पुढून टाक्यांच्या जागी हलकेच दाबून धरले की आधार मिळतो आणि टाके उसवतील ही भीती कमी होते.

तिसरे दुखणे छातीचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते, छाती दगडासारखी होते, अंगाला फडके लागलेले सोसत नाही. याचा खरा उपाय बाळाच्या तोंडात आहे. बाळाला वरचेवर, रात्रीसुद्धा, पाजावे. नुसते बोंड बाळाच्या तोंडात जाता उपयोगी नाही. भोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे. बाळाची हनुवटी छातीला टेकली पाहिजे. तोंडात फक्त बोंडच असेल तर त्याला भेगा पडतात, आणि तेच दुखणे पुढे गळवापर्यंत जाते. पाजण्याआधी कोमट फडक्याने शेकावे, हाताने थोडे दूध काढून छाती मऊ करावी म्हणजे बाळाला धरता येते. पाजून झाल्यावर गार फडके ठेवावे. एरंडाचे पान कोमट करून छातीवर बांधण्याची जुनी रीत आहे. आमच्या एरंडोलकरांना एरंडाचा अभिमान वाटला तर त्यात नवल नाही. पण त्यात गुण पानाचा किती आणि उबेचा किती हे ठरवणे कठीण. धुतलेल्या कोमट फडक्यानेही काम भागते. भेगांना स्वतःचेच दूध दोन थेंब लावून वाळू द्यावे. आणि पहिल्या दिवसांतला पिवळसर चीक पिळून फेकून देऊ नये. तो बाळाचा पहिला आहार आहे, आणि तो बाळाने ओढला की पुढची दाटीही कमी होते.

चौथे दुखणे पाठीचे, मानेचे. बाळंतिणीची पाठ दुखते याचे खापर आपण वाऱ्यावर फोडतो. थोडे निरखून पाहा. दिवसातून दहा-बारा वेळा ती वाकून बसते आणि छाती बाळाकडे नेते. उलट करायला पाहिजे. पाठ भिंतीला टेकावी, मांडीवर गोधडीची घडी घ्यावी, कोपराखाली उशी द्यावी आणि बाळाला वर छातीशी आणावे. रात्री कुशीवर निजून पाजले तरी चालते; बाळाचे नाक मोकळे राहील आणि आपला डोळा लागणार नाही एवढी काळजी घ्यावी.

पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या बाईची गोष्ट थोडी वेगळी. तिने सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय बाजेखाली सोडावेत आणि हाताच्या जोरावर उठावे. खोकला, शिंक, हसू आले की उशी टाक्यांवर दाबून धरावी. डॉक्टरांनी चालायला सांगितले की चालावे. चालल्याने पोटातला वात सुटतो आणि पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. "कापलेलं पोट आहे, महिनाभर उठू नको," हे प्रेमाचे बोलणे असले तरी अहिताचे आहे.

आता आपल्या जुन्या रीतींकडे वळू. त्या सरसकट टाकाऊ नाहीत. बाळंतिणीच्या पोटाला तूप-तेल लावून मोठे स्वच्छ वस्त्र गुंडाळावे, हे चरकसंहितेत आहे. प्रसूतीनंतरच्या शूळाला सुश्रुताने 'मक्कल्ल' असे नावही दिले आहे. म्हणजे हे दुखणे खरे आहे आणि त्यावर काही करायला हवे, हे जुन्यांना पटलेले होते. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आपल्या घरातल्या बाळंतपणाकडे शास्त्राच्या नजरेने पाहण्याचे काम एका मराठी मुलीने इतक्या लवकर हाती घेतले होते.

तेव्हा एकेक रीत पारखून घेऊ. पोट बांधणे : जुन्या मऊ पातळाचा पट्टा पोटाला आणि कमरेला आधार देतो, चालताना बरे वाटते. पण त्याने पोट आत जाते हा समज खरा नाही. गर्भाशय आपला आपण मिटतो. पट्टा इतका आवळू नये की श्वास घेता येणार नाही किंवा खाली दाब जाणवेल. शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारूनच बांधावा. तेल लावणे : हलक्या हाताने पाठ, खांदे, हातपाय चोळले की स्नायू सैल होतात, झोप लागते, मनही निवते. हे जरूर चालू ठेवावे. मात्र पोट जोरजोराने दाबून 'घाण काढणे' बंद करावे, आणि जखमेवर तेल जाऊ देऊ नये.

शेक-शेगडी : उबेने दुखणे कमी होते, हे खरेच. पण दार-खिडक्या बंद करून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. खोलीतली आई आणि बाळ दोघेही झोपेतल्या झोपेत दगावू शकतात. शिवाय आपला खानदेश! जळगाव-धुळ्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात शेगडी आणि धुरी कशाला? ओव्याचा, शेपेचा धूर घरात भरला तर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना तो बाधतो. ऊब पाहिजे तर गरम पाण्याची पिशवी घ्या, कोमट पाण्याने अंघोळ घाला, आणि खिडकी उघडी ठेवा.

खाणेपिणे : डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, खोबरे, साजूक तूप यांत ताकद आहे, अळिवात लोहही आहे. पण नुसते हेच खाऊन पोट साफ होत नाही. सोबत दादरची किंवा बाजरीची भाकरी, वरण, पालेभाजी, फळ हवे. केळी पिकवणाऱ्या आपल्या मुलखात बाळंतिणीलाच केळे वर्ज्य का असावे? आणि सर्वांत मोठी चूक पाण्याची. पाणी प्यायल्याने पोट सुटते म्हणून तिला घोटघोट मोजून पाणी देतात. दूध पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागते. ते कमी पडले की शौच कोरडे होते, लघवीला आग होते, डोके दुखते. दर वेळी पाजायला बसताना भरलेला तांब्या-पेला तिच्या हाताशी ठेवावा, आणि तहान लागेल तितके तिला पिऊ द्यावे. दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या व चुन्याच्या गोळ्याही चालू ठेवाव्यात.

सव्वा महिन्याचा विसावा : मला वाटते, जुन्या रीतीतला सगळ्यांत मोलाचा भाग हाच. थकलेल्या शरीराला दुखणे दुप्पट वाटते, आणि झोप झाली की तेच दुखणे निम्मे होते. पण हा विसावा कोणाच्या वाट्याला येतो? नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कापूस वेचणाऱ्या मजूर बाईला कोण रजा देणार? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. त्यांचा अर्ज वेळेवर भरून द्यावा. पण रोजची पाण्याची कळशी, सरपणाचा भारा, मोठ्या मुलांचे करणे, एवढे जरी घरातल्या पुरुषाने आपल्याकडे घेतले, तरी ते पैशाइतकेच मोलाचे आहे. बाळाचे लंगोट धुण्याने कोणाची पत जात नाही, बरं का!

आता फार महत्त्वाचे. मी सांगितलेले सारे उपाय साध्या दुखण्याचे आहेत. साधे दुखणे दिवसागणिक कमी होत जाते. जे दुखणे वाढत जाते ते घरच्या उपायाचे नव्हे. अंगावरून इतके रक्त जाते की तासाभरात घडी भिजते, मोठ्या गाठी पडतात, ताप १०० अंशांच्या वर जातो, अंगावरून जाणाऱ्याला दुर्गंधी येते, ओटीपोट जास्तच दुखू लागते, छाती एका जागी लाल, गरम होऊन थंडी-ताप भरतो, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते, झटका येतो, दम लागतो, लघवी होत नाही. यांतले एकही लक्षण दिसले तर शेक नको, मालिश नको, उद्याची वाट नको. १०८ किंवा १०२ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि दवाखाना गाठावा. सुजलेली पोटरी तर मुळीच चोळू नये. आतली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

दुखणे मनाचेही असते. पहिले काही दिवस उगाच रडू येणे हे पुष्कळ जणींना होते आणि आपोआप जाते. पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, जेवण-झोप सुटली असेल, बाळाकडे पाहवत नसेल, तर ते बाहेरचे लागणे नव्हे आणि नाटकही नव्हे. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर मोफत बोलता येते.

आणि औषधाशी वैर धरू नये. एवढे करूनही दुखणे सोसवत नसेल तर डॉक्टरांकडून गोळी घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या आहेत. घरचे उपाय गोळीच्या जागी बसवायचे नाहीत. त्यांनी दुखणे हलके होते आणि बऱ्याचदा गोळी कमी लागते, एवढेच.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. खेड्यात तुमचा शब्द मानला जातो. पालकसभेत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसलेले असतात. तेथे आशाताईंना बोलवा. त्या बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांनी बाळाचे वजन करण्याबरोबर आईलाही तपासावे, तिची विचारपूस करावी, असा घरच्यांनी आग्रह धरला पाहिजे. धोक्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून शाळेच्या भिंतीवर लावा. सातवी-आठवीच्या मुलांना ती वाचता येतात, आणि घरात आई किंवा वहिनी बाळंत झाली की कोणता क्रमांक फिरवायचा हे बहुधा त्या मुलांनाच ठाऊक असते.

श्रोतेहो, ज्यांच्या घरात आज बाळंतीण असेल त्यांनी तिच्या बाजेपाशी दोन मिनिटे बसून तिला विचारावे की तुला कुठे दुखते आहे. "बरं आहे" म्हणाली तर थोडे थांबून पुन्हा विचारावे. दुसऱ्या वेळी ती खरे सांगण्याचा संभव अधिक. त्यातले पुष्कळसे आपल्या हातून बरे होण्यासारखे असेल. जे नसेल त्यासाठी दवाखाना आहे.